फटीचं माप

सोहार बंदराच्या मागं, टाक्यांच्या रांगेत,
सकाळी सहालाच लोखंडावर हात ठेववत नाही.
गेटवर फोन जमा, लायटर जमा,
किल्लीच्या जुडग्यातला इवलासा टॉर्चसुद्धा.
खल्फान पितळी टोकन देतो, सत्तेचाळीस नंबरचं,
आणि रोज विचारतो, "गाग, काही राहिलं?"
घाग हे आडनाव त्याच्या तोंडात असं उतरतं.
नाही, म्हणतो मी.

नकाशावर आमच्या जागेला तीन रंग.
लाल : इथं वायू असतोच.
केशरी : असेल.
पिवळा : नसावा, पण शपथ कोणी घेणार नाही.
माझं काम केशरीत.
'असेल' या एका शब्दावर
मी अकरा वर्षं पगार घेतोय.

पंप चारशे बाराच्या पाठीमागं एक पेटी आहे,
ओतीव, जडशीळ, आठ बोल्टची.
लोकांना वाटतं, ती स्फोट होऊ देत नाही.
तसं नाही. स्फोट होतो. आत होतो.
वायू शिरणार, ठिणगी पडणार,
हे धरूनच ती ओतलेली असते.
जाळ बाहेर यायला निघतो
आणि झाकणाखालची केसाएवढी वाट
चालता चालता निवतो.
बाहेर पोचतो तेव्हा
कशालाच पेटवायच्या लायकीचा उरत नाही.
म्हणून ती फट हवी. तेवढीच हवी.
वाढलेली नको, बुजवलेली तर नकोच.

सेल्वराजनं ती बुजवली होती.
पांढरं सिलिकॉन, बोटानं फिरवलेलं,
चुलीला पोतेरं द्यावं इतकं एकसारखं.
"सर, दमट हवा. आत पाणी सुटतं.
मागच्या महिन्यात दोनदा पुसून काढलं."
ट्यूब त्यानं स्वतःच्या पैशानं आणली होती,
फलजच्या दुकानातून, एक रियाल दोनशे बैसा.
पावती दाखवली.
पैसे मागत नव्हता. नुसती दाखवली.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी.
पण लोट्याच्या कारखान्यात, बाविसाव्या वर्षी,
मोठे साहेब यायचे म्हणून
अशाच सहा पेट्या मी हिरव्यागार रंगवल्या होत्या,
फटींसकट.
शाबासकी मिळाली. वर चहा.
काही झालं नाही.
काही झालं नाही, हे मी अजून
कोणाला सांगितलेलं नाही.

परमिट आलं. वीज तोडली.
कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात.
वायू मोजला : शून्य. परत मोजला : शून्य.
तरी दहा मिनिटं थांबलो,
कारण बंद केलेल्या गोष्टी लगेच बंद होत नाहीत.
"लोखंडी पट्टी नको, सेल्वराज.
ओरखडा पडला की जाळाला पायवाट मिळते."
तो आइस्क्रीमच्या काड्या घेऊन आला,
पिशवीभर, धुऊन वाळवलेल्या.
कशाला साठवतोस, विचारलं नाही.
अडीच तास खरवडत बसलो दोघं,
घाम झाकणावर पडू नये म्हणून
मान बाजूला वळवून.

मग आठ बोल्ट. सहा त्यानं, दोन मी.
मग गेजचं पातं, शून्य पॉइंट एक पाच.
वरून : शिरत नाही.
खालून : शिरत नाही.
बिजागरीच्या बाजूनं जरा रेंगाळलं,
माझाही जीव तिथंच रेंगाळला.
शिरत नाही.

फॉर्मवर लिहिलं : फटीत सिलिकॉन आढळले. काढले.
कोणी लावले, असा रकाना फॉर्ममध्ये नाही.
का लावले, असाही नाही.
सही करणार, तेवढ्यात तो म्हणाला,
"मग पाण्याचं काय, सर?"
"ग्रीस. न सुकणारं. स्टोअरमधून घे उद्या."
"स्टोअरमध्ये मार्चपासून नाही."
बोटावरचं पांढरं तो नखानं काढत होता.
"तीनदा मागितलं."

पेनाचं टोपण परत काढलं.
जागा नव्हती, म्हणून समासात,
कागद आडवा धरून, बारीक अक्षरात :
ग्रीस नाही. मार्चपासून.
तीनदा मागितले.